बाबरवाणी : चार पदांचा कर्ता आणि काळ

गुरू ग्रंथ साहिबमध्ये गुरू नानकांची चार पदे अशी आहेत की ज्यांत मोगल स्वारीचे थेट वर्णन येते. त्यांपैकी तीन आसा रागात आहेत आणि एक तिलंग रागात. १४३० पानांच्या आजच्या छापील प्रतीत आसातले एक पद ३६० व्या पानावर, दोन अष्टपद्या ४१७ आणि ४१८ या पानांवर, तर तिलंगातले पद ७२२ आणि ७२३ या पानांवर सापडते. शीख परंपरा या चार पदांना मिळून ‘बाबरवाणी’ म्हणते. हा शब्द आसातल्या एका अष्टपदीतलाच आहे. बाबराची द्वाही सगळीकडे फिरली, असा तिथे त्याचा अर्थ आहे. बाबराचे नाव या चार पदांत येते ते या एका जोडशब्दातच. इतरत्र त्याचा उल्लेख मोगल, मीर किंवा काबूलहून आलेला असा होतो.

संतांच्या पदांत देव, नाम, गुरू आणि मन यांच्याविषयीचे बोलणे बहुधा कालातीत असते. ते कोणत्या वर्षी रचले, याचा माग त्यातून लागत नाही. या चार पदांत मात्र समोर घडलेली घटना आहे, शस्त्रांची नावे आहेत आणि एका ठिकाणी चक्क वर्षांचे आकडे आहेत. म्हणून गुरू नानकांच्या रचनांचा काळ ठरवू पाहणाऱ्या अभ्यासकांना या पदांकडे पुन्हा पुन्हा यावे लागते.

चारही पदांचा सूर सारखा नाही. आसातले पहिले पद म्हणजे कर्त्या परमेश्वराला विचारलेला जाब आहे. खुरासान राखलेस आणि हिंदुस्थानाला धाक घातलास, यमासारखा मोगल पाठवलास; एवढा आकांत झाला तरी तुला कळवळा आला नाही का, असे त्यात विचारले आहे. बलवंताने बलवंताला मारले तर तक्रार नाही, पण सिंह गुरांच्या कळपावर पडला तर गुरांच्या धन्याला जबाब द्यावा लागतो, हा त्यातला दाखला. दुसऱ्या पदात, म्हणजे पहिल्या अष्टपदीत, स्त्रियांची दशा आहे. ज्यांच्या भांगात सिंदूर होता त्यांचे केस कातरले गेले, महालात राहणाऱ्यांना महालाजवळ बसायलाही जागा उरली नाही, राजकुमारांना भाकरी मिळेना. तिसऱ्यात उजाड नगर आहे. ते खेळ, ते तबेले, ते घोडे कुठे गेले, असे विचारत ते मोगल आणि पठाण यांच्या लढाईपर्यंत येते. चौथे, तिलंगातले पद लालो नावाच्या माणसाला उद्देशून आहे. काबूलहून पापाची वरात आली आहे आणि ती जबरदस्तीने दान मागते आहे, या रूपकाने ते सुरू होते. लग्न लावायला काझी आणि ब्राह्मण उरले नाहीत, ते काम सैतान करतो आहे आणि केशराच्या जागी रक्त शिंपडले जाते आहे.

आधी कर्तृत्वाचा प्रश्न. ग्रंथात सहा गुरूंच्या रचना आहेत आणि सगळ्या गुरूंची मुद्रिका एकच आहे, ‘नानक’. मराठी वाचकाला ही अडचण ओळखीची वाटेल. ‘नामा’ ही मुद्रिका असलेल्या अभंगांत नामदेवांचे कोणते आणि विष्णुदास नाम्याचे कोणते, हा वाद मराठीत जुना आहे. शीख ग्रंथात मात्र संपादनातच या अडचणीवर तोड काढलेली आहे. प्रत्येक रचनेच्या डोक्यावर ‘महला’ हा शब्द आणि गुरूचा अनुक्रम लिहिला जातो. ‘महला १’ म्हणजे गुरू नानक, ‘महला ३’ म्हणजे गुरू अमरदास, ‘महला ५’ म्हणजे गुरू अर्जन. प्रत्येक रागात हा क्रम पाळलेला आहे. दुसरे गुरू अंगद यांचे फक्त सलोक ग्रंथात आहेत, पदे नाहीत. त्यामुळे पदांच्या बाबतीत पहिल्या आणि दुसऱ्या गुरूंच्या रचना एकमेकींत मिसळण्याचा संभव राहत नाही. बाबरवाणीच्या चारही पदांवर ‘महला १’ आहे.

पण शीर्षक म्हणजे काही प्रत्यक्ष साक्ष नव्हे. ते कोणी, केव्हा लिहिले, हेही पाहावे लागते. आदिग्रंथाची, म्हणजे याच ग्रंथाच्या पहिल्या रूपाची, संहिता गुरू अर्जन यांनी अमृतसरला सिद्ध केली. भाई गुरदास लेखनिक होते आणि १६०४ मध्ये ग्रंथ हरिमंदिरात ठेवला गेला. तेच मूळ हस्तलिखित मानली जाणारी प्रत जालंधरजवळच्या करतारपूर येथे सोढी घराण्याकडे आहे. (गुरू नानकांनी आपली शेवटची वर्षे घालवली ते करतारपूर वेगळे, ते रावीकाठी, आज पाकिस्तानात आहे.) गुरू नानकांचे निधन १५३९ चे. म्हणजे रचना आणि संहिता यांत किमान ६५ वर्षांचे अंतर पडते. ते अंतर रिकामे नाही. तिसरे गुरू अमरदास यांच्या काळात गोइंदवाल येथे त्यांचा नातू सहंसराम याने पोथ्या लिहिल्या. त्यांपैकी दोन आजवर टिकल्या आहेत आणि त्यांचा काळ साधारण १५७० ते १५७२ मानला जातो. त्याच्याही मागे जायचे तर ‘पुरातन जन्मसाखी’ ही गुरू नानकांची परंपरागत चरित्रकथा सांगते की, गुरू नानकांनी गादी अंगदांकडे देताना शबदांची पोथीही त्यांच्या हाती दिली. जन्मसाखीतल्या सगळ्याच गोष्टी इतिहास म्हणून घेता येत नाहीत, पण गुरूंच्या हयातीतच पदे लिहून ठेवली जात होती, ही तिची आठवण पुढच्या पोथ्यांच्या साखळीशी जुळते.

याला आशयाची जोड मिळते. १६०४ मध्ये आग्र्याच्या तख्तावर अकबर होता, बाबराचा सख्खा नातू. त्याच्या राज्यात, पंजाबातच, त्याच्या आजोबाला यमदूत ठरवणारी पदे नव्याने रचून पहिल्या गुरूंच्या नावावर घालण्यात कोणाचा काय लाभ होता, हे सांगता येत नाही. उलट ती होती तशी ठेवणे हेच संपादकाच्या निष्ठेचे लक्षण आहे. कर्तृत्वाबाबत म्हणून गंभीर शंकेला जागा नाही. पदे गुरू नानकांची आहेत. खरा प्रश्न काळाचा आहे.

परंपरेने या प्रश्नाला कथेतून उत्तर दिले आहे. जन्मसाखीनुसार गुरू नानक आणि त्यांचा रबाब वाजवणारा सोबती मर्दाना फिरत फिरत सैदपूरला आले. पठाणांच्या घरी लग्ने चालली होती. बरोबरचे फकीर भुकेले होते. कोणी त्यांना विचारले नाही. तेव्हा गुरूंनी तिलंगातले पद म्हटले. एका ब्राह्मणाने ते शापवचन ओळखले आणि हात जोडले. त्याला गाव सोडून दूर तळ्याकाठी जायला सांगण्यात आले. मग बाबर आला, सैदपूर पडले, कत्तल झाली. गुरू आणि मर्दाना बंदिवान झाले. एकाच्या डोक्यावर गाठोडे दिले, दुसऱ्याच्या हाती घोडा. बंदिवान बायका जात्यावर बसून दळत होत्या. गाठोडे डोक्याच्या वर अधांतरी राहिले, जाते आपोआप फिरू लागले आणि ही बातमी बाबरापर्यंत गेली. आसा रागातली पदे या कत्तलीनंतरची म्हणून सांगितली जातात. सैदपूर म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या गुजरांवाला जिल्ह्यातले एमनाबाद. तिथे या जात्याच्या स्मरणार्थ चक्की साहिब गुरुद्वारा आहे. ज्याला उद्देशून तिलंगातले पद आहे तो लालो म्हणजे याच गावचा सुतार भाई लालो, असे परंपरा मानते.

आता दुसऱ्या बाजूची साक्ष. बाबराने आपला वृत्तान्त चगताई तुर्कीत स्वतः लिहिला. त्यामुळे सैदपूरच्या हल्ल्याबद्दल त्याच्याकडूनच काही ऐकायला मिळेल, अशी अपेक्षा असते. पण नेमका इथेच ‘बाबरनामा’ तुटलेला आहे. जानेवारी १५२० पासून नोव्हेंबर १५२५ पर्यंतचा मजकूर उपलब्ध नाही. जवळजवळ सहा वर्षांची ही पोकळी म्हणजे पंजाबवरच्या स्वाऱ्यांचा मुख्य काळ. इतिहासकारांनी ती नंतरच्या फारसी ग्रंथांवरून भरली. विल्यम अर्स्किनच्या १८५४ च्या इतिहासात सैदपूरचा प्रसंग १५२० मध्ये येतो. सियालकोट शरण गेले म्हणून वाचले. सैदपूरने प्रतिकार केला, ते हल्ला करून घेतले गेले आणि तिथल्या शिबंदीची कत्तल झाली. पुढे कंदाहारकडून धोका दिसल्यामुळे बाबर मागे फिरला.

सैदपूर ही एकच स्वारी नव्हती, हे काळ ठरवताना विसरून चालत नाही. १५१९ मध्ये बाबर झेलमकाठच्या भेऱ्यापर्यंत आला होता. तिथे त्याने लूट करू दिली नाही. ४ लाख शाहरुखींची खंडणी घेऊन तो परतला. १५२४ मध्ये लाहोरचा सुभेदार दौलतखान लोदी याच्या बोलावण्यावरून तो लाहोरवर आला. दिल्लीचा सुलतान इब्राहिम लोदी याच्या फौजेचा पराभव झाल्यावर लाहोरचे बाजार जळाले आणि त्यानंतर दिपालपूरला कत्तल झाली. हा दौलतखान म्हणजे तोच, ज्याच्या सुलतानपूरच्या कोठारात तरुणपणी नानकांनी नोकरी केली, असे परंपरा सांगते. शेवटची स्वारी १५२५ च्या हिवाळ्यातली, आणि २१ एप्रिल १५२६ ला पानिपत. या वर्षांत पंजाबातल्या माणसाने मोगल फौज एकदा नव्हे, चार वेळा पाहिली.

मग कोणते पद कोणत्या स्वारीचे? इथे शब्द हाताशी धरून पाहावे लागते. पहिल्या पदात बाबर खुरासानशी जोडलेला आहे. तो आला काबूलहून, मग खुरासान कसे? याचा उलगडा बाबरच करतो. काबूलचे वर्णन करताना त्याने लिहिले आहे की, अरब जसे अरबस्तानाबाहेरच्या सगळ्या मुलखाला अजम म्हणतात, तसे हिंदुस्थानातले लोक हिंदुस्थानाबाहेरच्या सगळ्या मुलखाला खुरासान म्हणतात. आक्रमण करणाऱ्याच्या रोजनिशीने आक्रमण सोसणाऱ्याच्या पदातला शब्द समजावून द्यावा, याहून चांगला समकालीन पुरावा मिळणे कठीण. हा शब्द त्या काळच्या पंजाबी बोलण्यातला आहे, नंतर कोणी पुस्तकातून उचललेला नाही.

दुसरी खूण शस्त्रांची. आसातल्या दुसऱ्या अष्टपदीत एका बाजूने बंदुका नेम धरून चालवल्या आणि दुसऱ्या बाजूने हत्ती पुढे घातले, असे चित्र आहे. बंदुका मोगलांच्या, हत्ती पठाणांचे. १५१९ च्या आरंभी बाजौरचा किल्ला घेताना तिथल्या लोकांनी बंदूक कधी पाहिलीच नव्हती, असे ‘बाबरनामा’ सांगतो. बाबराचा बंदूकची उस्ताद अली कुली याच्या नेमबाजीचे कौतुकही तिथे आहे. म्हणजे हे वर्णन १५१९ च्या आधीचे असू शकत नाही. हत्तींचा समोरासमोर सामना मात्र सैदपूरसारख्या ठाण्यापेक्षा सुलतानी फौजेशी झालेल्या लढाईला शोभतो. पानिपतावर इब्राहिमाकडे सुमारे हजार हत्ती होते, असा बाबराचा अंदाज आहे. याच अष्टपदीत मीर चालून येतो आहे हे ऐकून पिरांनी केलेल्या मंत्रतंत्राचा उल्लेख आहे आणि त्याने एकही मोगल आंधळा झाला नाही, असे सांगून जळालेली घरे, महाल आणि कापले गेलेले राजकुमार पुढे येतात. हे एका कसब्याचे वर्णन वाटत नाही. लोदींची सत्ता कोसळल्यावर, म्हणजे १५२६ नंतर मागे वळून पाहताना ही अष्टपदी रचली गेली असावी, असे मानणे जास्त सयुक्तिक आहे.

अशा प्रकारची छाननी शिस्तीने करणाऱ्यांत डब्ल्यू. एच. मॅक्लिओड यांचे नाव आधी घ्यावे लागते. १९६८ च्या त्यांच्या ग्रंथाने जन्मसाखीतल्या प्रत्येक प्रसंगाला सिद्धपासून त्याज्यपर्यंतच्या पाच वर्गांत बसवले. पदांतला पुरावा आणि साखीतली कथा एकमेकांपासून सोडवून तपासली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या निष्कर्षांवर शीख विद्वानांनी कडक टीका केली आणि ती अनेक ठिकाणी योग्यही होती. पण एवढी एक गोष्ट मान्य करावी लागते की, पदांत सैदपूरचे नाव नाही. ते साखीतून आलेले आहे. पदांतून निर्विवाद सिद्ध होते ते इतकेच की, बाबराच्या स्वाऱ्यांचा संहार गुरू नानकांनी जवळून अनुभवला होता. तिलंगातल्या पदात प्रेतांनी भरलेली नगरी आहे आणि लालोला मारलेली हाक आहे. म्हणून चार पदांपैकी हेच एक पद सैदपूरशी बांधायला परंपरेचा आधार सर्वांत भक्कम ठरतो.

आणि याच पदात ते आकडे आहेत. अठ्ठ्याहत्तरमध्ये येतील, सत्त्याण्णवमध्ये जातील, आणि मग दुसरा एक मर्दाचा चेला उठेल, असा त्या ठिकाणचा भाव. शतक दिलेले नाही, संवतही सांगितलेला नाही. तो ठरवण्याचा मार्ग म्हणजे एकेक कालगणना लावून पाहणे. शालिवाहन शक धरला तर १४७८ म्हणजे इसवी सन १५५६. तोवर बाबर जाऊन २५ वर्षे झाली होती. हिजरी धरली तर ८७८ म्हणजे १४७३ आणि ९७८ म्हणजे १५७०, दोन्ही निरुपयोगी. विक्रम संवत धरला की १५७८ म्हणजे १५२१-२२ आणि १५९७ म्हणजे १५४०-४१. पहिल्या वर्षाच्या आसपास बाबराच्या स्वाऱ्या, दुसऱ्या वर्षी १७ मे १५४० ला कनौजजवळ शेरशाहाकडून हुमायूनचा पराभव आणि हिंदुस्थानातून त्याचे पलायन. मर्दाचा चेला म्हणजे शेरशाह सूर, हा रूढ अर्थ त्यातूनच निघतो.

मात्र बारीक पाहिले की दोन ठिकाणी अडते. महाराष्ट्रात विक्रम संवत बदलतो तो दिवाळीच्या पाडव्याला. तसा कार्तिकादी संवत धरला तर मे १५४० हा १५९६ मध्येच पडतो. उत्तरेतला संवत चैत्रापासून सुरू होतो, तो धरला की कनौज १५९७ मध्ये बसते. पण मग १५७८ ची सुरुवात मार्च १५२१ ला होते आणि इतिहासकारांचे सैदपूर १५२० चे आहे. परंपरा सैदपूरला १५२१ देते ती बहुधा या आकड्यावरूनच. पुरी झालेली वर्षे मोजणाऱ्या गत संवताऐवजी चालू वर्ष मोजणारा वर्तमान संवत धरला तर १५७८ हे १५२०-२१ ठरते आणि सैदपूर बरोबर बसते. १५९७ हे १५३९-४० होते आणि त्यात २६ जून १५३९ ची चौसाची लढाई येते. गणित सुरेख जुळते, पण चौसानंतर हुमायून हिंदुस्थानातून गेला नव्हता, आणि गुरूंच्या निधनाचे सर्वमान्य वर्ष १५९६ हे गत संवतातच मोजलेले आहे. एकाच परंपरेत दोन रीती मानायला सबळ कारण लागते, आणि ते इथे नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. गुरू नानकांनी सप्टेंबर १५३९ मध्ये देह ठेवला. कनौजची लढाई त्यानंतर आठ महिन्यांनी झाली. श्रद्धावंतांच्या दृष्टीने ही अडचणच नाही. ते भविष्यकथन आहे आणि ते खरे ठरले. पदाची भाषाही त्याला अनुकूल आहे, कारण वरात आल्याचे सांगताना ती भूतकाळात बोलते, तर देहांच्या चिंध्या होतील आणि हिंदुस्थान माझे बोल आठवेल, असे म्हणताना भविष्यकाळात. भविष्यकथन पुरावा म्हणून घेऊ न शकणाऱ्या इतिहासकारासमोर मग एकच पर्याय राहतो. ती ओळ नंतर जोडली गेली, असे समजण्याचा.

तो पर्याय निवडला तरी त्याला कडक मर्यादा पडते. जुलै १५५५ मध्ये हुमायूनने दिल्ली परत घेतली. मोगल गेले आणि आले, हे ज्याला ठाऊक होते तो जाण्याच्या वर्षावर थांबला नसता. म्हणजे जोड मानली तरी ती १५४० ते १५५५ या पंधरा वर्षांतलीच असणार, गुरू अंगदांच्या किंवा फार तर गुरू अमरदासांच्या प्रारंभीच्या काळातली, पहिल्या गुरूंना पाहिलेली माणसे हयात असतानाची. मोगल परतल्यावरही ती ओळ कोणी बदलली नाही, दुरुस्त केली नाही. गोइंदवालच्या पोथ्या लिहिल्या गेल्या तेव्हा दिल्लीला पुन्हा मोगल होते. १६०४ चा ग्रंथ सिद्ध झाला तेव्हा अकबराचे राज्य पंजाबभर होते. तरी सत्त्याण्णवमध्ये जातील हे शब्द तसेच राहिले. पंजाबी पोथीपरंपरेच्या प्रामाणिकपणाचा याहून स्पष्ट दाखला देता येणार नाही. कर्तृत्वाच्या बाजूने हा पुरावा शीर्षकातल्या ‘महला १’ इतकाच वजनदार आहे.

तेव्हा चार पदांचा काळ असा बसतो. कर्ता गुरू नानक. रचनेची वरची मर्यादा १५१९-२०, खालची १५३९. तिलंगातले पद सैदपूरच्या संहाराशी, म्हणजे १५२०-२१ शी जोडणे संभाव्य. त्यातली आकड्यांची ओळ तेवढी वादात. आसातली स्त्रियांच्या दशेची अष्टपदी सैदपूर आणि १५२४ चे लाहोर या दोहोंनाही लागू पडते. बंदुका आणि हत्ती यांची अष्टपदी बहुधा पानिपतानंतरची. परमेश्वराला जाब विचारणारे पद कोणत्याही एका तारखेला बांधता येत नाही.